हेराल्ड, अंगण आणि तेरा नंबरचा पाना

ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला जेम्स बाँड आठवतो आणि पाठोपाठ बँक बॅलन्स. पण त्याच घराण्यातली एक गाडी कदाचित तुमच्या गावाकडच्या घरी, टिनाच्या शेडखाली, कोंबड्यांच्या सहवासात उभी असेल. तिला भंगारात काढण्याआधी हे वाचाच!

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद. वीकएन्डचा प्लॅन काय, तर मॉल, मल्टिप्लेक्स नाहीतर मित्राच्या फ्लॅटवर पार्टी. बोअर झालं ना? मग एक एकदम हटके छंद सुचवते. हात काळे होतील, नखं खराब होतील, पाठ धरेल. पण सोमवारी ऑफिसात सांगायला स्टोरी असेल, आणि ती फॉरवर्ड केलेली नसेल.

छंद आहे जुनी ब्रिटिश गाडी घरच्या घरी सांभाळण्याचा. थांबा, पान उलटू नका. जग्वार किंवा एमजी विकत घ्या असं कोण म्हणतंय? आपण बोलतोय स्टँडर्ड हेराल्डबद्दल. तीच, आजोबांच्या लग्नाच्या अल्बमनंतरच्या अल्बममध्ये दिसणारी, मागे छोटे पंख असलेली गाडी.

कझिन स्पिटफायर

ट्रायम्फ हेराल्ड १९५९ मध्ये इंग्लंडात आली. डिझाइन इटालियन माणसाचं, जोव्हानी मिकेलोत्ती त्याचं नाव. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने ती भारतात ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनवायला घेतली. पुढे आपल्या मोठ्या कुटुंबांसाठी चार दारांचं मॉडेलही काढलं. ते खास आपलंच, साहेबाच्या देशात चार दारांची हेराल्ड कधी बनलीच नाही!

आता गंमत पाहा. १९६२ मध्ये ट्रायम्फने याच हेराल्डची चासी थोडी आखूड केली, वर दोन सीटची उघडी बॉडी बसवली आणि नाव दिलं स्पिटफायर. जगभरच्या तरुणांना वेड लावणारी ही स्पोर्ट्स कार १९८० पर्यंत बनत होती. म्हणजे काटेकोर बोलायचं तर आजोबांची हेराल्ड स्पोर्ट्स कार नाही. पण तिची सख्खी कझिन नक्कीच आहे. पुढच्या चाकांची जोडणी तीच, मागे आडवा पाटा तोच, इंजिनाचं घराणं तेच. स्पिटफायर अजून जगभर हौसेने चालवली जाते, त्यामुळे तिचे पार्ट आजही नव्याने बनतात. त्यातले बरेचसे हेराल्डच्या कामाला येतात. हा तुमचा पहिला प्लस पॉइंट.

आणि ट्रायम्फ म्हटल्यावर चाकणला बनणारी बाइक डोळ्यांपुढे आली असेल, तर सांगून ठेवते. मोटरसायकल आणि मोटार यांचा संसार १९३६ मध्येच वेगळा झाला. बाइकच्या शोरूममध्ये हेराल्डची गॅस्केट मागू नका, सेल्समन बिचारा गोंधळेल.

चिमूरचं अंगण, पुण्याचं पार्किंग

आता मुद्दा जागेचा. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक काढला की पाच मिनिटांत सेक्रेटरी हजर. ऑइलचा एक थेंब सांडला तर नोटीस! पण तुमचं मूळ गाव चिमूरसारखं असेल तर? चंद्रपूर जिल्ह्यातलं हे घोडा यात्रेचं गाव. अशा गावात घराला अंगण असतं, अंगणात झाड असतं, शेजारी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते आणि तुम्ही गाडीखाली झोपलात तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. उलट दोन माणसं चहा घेऊन सल्ला द्यायला येतात.

हेराल्ड तर जणू अंगणासाठीच बनली. त्या काळच्या बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये बॉडी आणि चासी एकच झाली होती. हेराल्डची चासी मात्र वेगळी, आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने कसलेले. कारण मोठं मजेशीर आहे. ट्रायम्फला बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. मग कंपनीने लहान लहान भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनवून घेतले आणि जोडले. साहेबाची ती अडचण आज आपली सोय झाली आहे. मडगार्ड सडलं? बोल्ट काढा, उतरवा.

शिवाय बॉनेट! ते मडगार्डांसकट पूर्णच्या पूर्ण पुढे कलतं. आख्खं इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन, सगळं समोर उघडं. तुम्ही चक्क पुढच्या टायरवर बसून प्लग बदलू शकता. आजच्या कारमध्ये बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं काळं झाकण दिसतं आणि आपण ते मुकाट्याने परत बंद करतो. हो की नाही?

तेरा नंबरचा घोळ

कामाला लागण्याआधी पानेपेटी उघडा. आपल्याकडच्या मिस्त्रीकडे १०, १२, १३, १४, १७ नंबरचे पाने असतात. हे मिलिमीटर झाले. हेराल्डचे नट मात्र इंचातले. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण थोडा सैल राहतो. जोर लावला की नटाचे कोपरे गोल! मग छिन्नी, हातोडा आणि शिव्या. ७/१६ इंच म्हणजे ११.११, त्यावर अकराचा पाना चढतच नाही. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर चौदाचा चढत नाही आणि पंधराचा डुगडुगतो.

म्हणून पहिली खरेदी म्हणजे इंची पान्यांचा एक बरा सेट. एका मल्टिप्लेक्स वीकएन्डच्या आसपास खर्च येईल. तरी हेराल्डवाले सुखी समजा. जुन्या एमजी टीसीच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि नटांची डोकी व्हिटवर्थ, म्हणजे तिसऱ्याच मापाची! कारण तो इंजिन कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि यंत्रं तिकडची होती. ‘हायब्रिड’चा फंडा काही आजचा नाही.

ग्रीस नको, तेल घाला!

हा परिच्छेद कापून पर्समध्ये ठेवा. हेराल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे, खालच्या बाजूला, ट्रनियन नावाचा पितळेसारख्या धातूचा एक भाग असतो. त्यात लोखंडी खांबाचा आट्यांचा भाग बसतो. स्टिअरिंग वळवलं की तो खांब त्या आट्यांमध्ये फिरतो. या सांध्याला ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं, ९० नंबरचं. ग्रीस दिसायला भरपूर, पण वाळून घट्ट होतं आणि आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. मग आत पाणी जातं, गंज चढतो, आणि एक दिवस खांब तुटून चाक आडवं पडतं.

आपल्याकडची सवय काय? निपल दिसलं की ग्रीस गन लावायची. मिस्त्रीचा हेतू चांगलाच असतो, पण इथे तोच घात करतो. उपाय सोपा आहे. एक वेगळी गन घ्या, तिच्यात गिअर ऑइल भरा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘फक्त ट्रनियन’ असं लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी, आणि पावसाळा संपला की नक्की, जुनं काळं तेल बाहेर येईपर्यंत नवं भरा.

दुसरी जिवाशी गाठ ब्रेकची. आजच्या गाडीत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक फुटली तरी दुसरी वाचवते. हेराल्डमध्ये एकच. कुठेही गळती झाली की पेडल थेट फरशीला! म्हणून वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी चालू करण्याआधी ब्रेकचे सिलिंडर आणि रबरी होज बदलायचेच, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं. इथे काटकसर नको. आणखी एक, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. खाली भक्कम स्टँड हवेत. विटा तर अजिबात नकोत, त्या न सांगता फुटतात.

ऊन, इथेनॉल आणि ओला फडका

ही गाडी इंग्लंडच्या गारठ्यासाठी बनली. चिमूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मग पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होते, पंप नुसता फुरफुरतो आणि गाडी रस्त्यात बसते. जुन्या ड्रायव्हर मंडळींचा इलाज आजही चालतो. सावलीत थांबा, बॉनेट उघडा, पंपावर ओला फडका ठेवा, एक चहा घ्या. पंधरा-वीस मिनिटांत बाईसाहेबांचा मूड परत येतो.

पण नवं दुखणं पेट्रोलमध्येच आहे. भारतात २००० मध्ये शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्या शिशावर जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट तगत होत्या. इंजिन उघडलंच तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या. त्यानंतर आलं इथेनॉल. २०२५ मध्ये आपण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. जुने रबरी पाइप त्याने मऊ होतात, तडकतात. आणि गरम इंजिनावर पेट्रोलचा गळका पाइप म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. शिवाय जुना कार्बोरेटर स्वतःला अॅडजस्ट करत नाही. मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं.

मग करायचं काय? सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या, व्हायटन नावाने मिळतात. पंपाच्या आधी एक फिल्टर बसवा आणि तो वरचेवर बघा. कार्बोरेटरची जेट एक नंबर मोठी लावून प्लगचा रंग तपासा. चॉकलेटी असेल तर झकास, पांढरट असेल तर अजून पेट्रोल हवं. आणि महिनोन् महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल सडत ठेवू नका.

पहिल्या महिन्याचा प्लॅन

पहिला वीकएन्ड: चावी फिरवायची नाही! प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवून बघा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात.

दुसरा वीकएन्ड: जुनं इंजिन ऑइल, जुनं पेट्रोल, रेडिएटरचं पाणी, सगळं बाहेर. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा. चासीला स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा, आत घुसला तर वेल्डिंग आधी, पेंट नंतर. बॅटरी लावण्याआधी जुन्या जोडणीचा फोटो काढा. त्या काळच्या काही ब्रिटिश गाड्यांमध्ये बॉडीला प्लस जोडलेला असे.

तिसरा वीकएन्ड: ट्यूनिंग. टॅपेट थंड इंजिनावर दहा थाऊ, म्हणजे ०.०१० इंच. पॉइंटचं अंतर पंधरा थाऊ. प्लगचं पंचवीस. एक फीलर गेज घ्या, बस्स.

चौथा वीकएन्ड: ब्रेक, ट्रनियन, टायर. आणि मगच गेटच्या बाहेर.

कागदपत्रंही बघून घ्या. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. रविवारी सहज चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत राहा. मात्र २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारची ती फी दहा हजार झाली. म्हणजे शेडमध्ये गाडी नुसती सडवत ठेवणं आता फुकट राहिलेलं नाही. ठरवा एकदाचं.

मिस्त्री किती दिवस?

खरी अडचण पार्टची नाही, हातांची आहे. चिमूर तालुक्यातल्या कोलारा गेटवरून ताडोब्यात गेला असाल तर तुम्ही जिप्सीत बसला असाल. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली आणि आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी २०१९ मध्ये बंद केली. चारही चाकं पाट्यांवर. अशा गाड्या कंपनी थांबल्यावरही चालतात त्या गावातल्या मिस्त्रींच्या जोरावर. पाटे उतरवणं, बुश ठोकणं, आवाजावरून दुखणं ओळखणं हे त्यांचं रोजचं काम. हेराल्डचा मागचा आडवा पाटा त्यांच्यासाठी काही परग्रहावरचा नाही.

पण कार्बोरेटर आणि पॉइंटचं ट्यूनिंग हाताने शिकलेली पिढी आता साठीत आहे. त्यांच्या हाताखालचा पोरगा स्कॅनर लावायला शिकलाय, आणि त्याने तेच शिकायला हवं, पोट त्यावर आहे. म्हणजे उरलं कोण? तुम्ही! तुम्हाला यातून पैसे कमवायचे नाहीत, घाई नाही, रविवार मोकळा आहे. अशा एखाद्या मिस्त्रीकाकांना घरी बोलवा, त्यांच्या कामाचे पैसे नीट द्या आणि शेजारी उकिडवं बसून बघा. पाना तुमच्या हातात मागून घ्या. व्हिडिओ काढा, वहीत लिहा. मात्र ट्रनियनला ग्रीस मारायला निघाले तर प्रेमाने थांबवा. ‘काका, इथं तेल लागते,’ म्हणा. ते आधी हसतील. मग निपल उघडून बघतील आणि दुसऱ्या वेळी तुमच्याआधी गन भरून ठेवतील.

आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली गाडी भंगारवाला किलोवर नेतो. तो रविवारीच येतो म्हणतात. त्याच्याआधी पोहोचा.