केकू गांधींची चौकट

केकू गांधी (1920–2012) हे मुंबईतले चित्रविक्रेते. आधुनिक चित्र विकत घेऊन घरात लावायची सवय या शहराला लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा मूळ धंदा मात्र चित्रांच्या चौकटींचा. पारशी घरात जन्मलेले केकू शिकायला केंब्रिजला गेले होते. 1939 मध्ये ते सुटीवर घरी आले, तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. मुंबईत त्यांची गाठ रॉजर व्हॅन डॅम या बेल्जियन गृहस्थांशी पडली. या ओळखीतून चौकटीच्या पट्ट्या बनवण्याचा उद्योग 1941 मध्ये उभा राहिला. ‘केमिकल मोल्डिंग’ या नावाचे आखूड रूप म्हणजे ‘केमोल्ड’.

चौकट दिसते तितकी सोपी नसते. चारही पट्ट्यांची टोके 45 अंशांत कापावी लागतात. एका टोकाचा कोन जरासा चुकला, की तीन कोपरे जुळतात आणि चौथा उघडा पडतो. कागदावरच्या चित्राला काच लागते आणि ती काच रंगाला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालतात. तो नसेल तर पावसाळ्याच्या दमट हवेत रंग काचेला चिकटतो आणि काच काढताना चित्र सोलून निघते. चौकट करणाऱ्याच्या दुकानात चित्र काही दिवस भिंतीला टेकून उभे असते. येता-जाता ते त्याच्या नजरेखालून जाते. चित्रकार त्याला ओळखतो आणि ज्यांच्या घरी मोकळ्या भिंती आहेत अशी गिऱ्हाइकेही त्याच्याकडेच येतात. दोघांना एकत्र आणायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

त्या काळी मध्यमवर्गीय भिंतीवर राजा रविवर्म्याची छापील चित्रे असत. रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. छापील लक्ष्मी-सरस्वती स्वस्त होत्या आणि ओळखीच्या होत्या. त्यांच्या शेजारी हुसेन किंवा आरा अशा नव्या चित्रकारांचे चित्र टांगायला लोकांना राजी करणे हे खरे काम होते.

हे चित्रकार तेव्हा पोटासाठी दुसरी कामे करत. हुसेन सिनेमाची होर्डिंगे रंगवत, लाकडी खेळणी आखत. कृष्णाजी हौळाजी आरा घरगडी म्हणून राबत, मोटारी धूत. रझा एका ब्लॉक स्टुडिओत नोकरीला होते. 1947 मध्ये सुझा, रझा, हुसेन, आरा, अमरावती जिल्ह्यातून आलेले गाडे आणि शिल्पकार बाकरे या सहा जणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. त्यांना पहिला आधार दिला तो युरोपातून आलेल्या तिघांनी. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक होते, रुडॉल्फ फॉन लायडन कलासमीक्षा लिहीत आणि औषधनिर्मितीच्या व्यवसायातले इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत. केकूंची या सगळ्यांशी ऊठबस होती आणि पुढे लिहिलेल्या आठवणींत त्यांनी या दिवसांविषयी सांगितले आहे.

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या चौकटींच्या दुकानात केकू या मंडळींची चित्रे लावू लागले. गिऱ्हाईक चौकट बघायला येई आणि तिच्या आत हुसेन दिसे. त्या वेळी आधुनिक चित्राला धड बाजारभाव नव्हता; काही शे रुपये आले तरी चित्रकाराचा महिना निघे. सुझा 1949 मध्ये लंडनला गेले, त्यापाठोपाठ रझा पॅरिसला. बाकरेही इंग्लंडला गेले आणि शेवटी कोकणात, दापोलीजवळच्या मुरूडला येऊन राहिले. ग्रुप विखुरला, तरी दुकान चालू राहिले.

1952 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली, पण ती भाड्याने मिळणारी जागा. आठवडा संपला की चित्रे उतरवायची आणि न खपलेली घरी न्यायची. वर्षभर चित्रकाराच्या मागे उभी राहणारी गॅलरी निराळी. ती 1963 मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर निघाली : गॅलरी केमोल्ड. जागा लहानशी होती. केकूंच्या पत्नी खोरशेद गांधी तिचा कारभार बघत, आणि या गॅलरीच्या इतिहासात त्यांचे नाव नवऱ्याच्या बरोबरीने घ्यायला हवे. विशेष म्हणजे त्याच वर्षी काली पंडोल यांनीही फोर्टमध्ये गॅलरी काढली आणि तेही चौकटीवालेच. चित्रकार गायतोंडे यांची चित्रे पंडोल यांच्याकडे लागत. केमोल्डने तय्यब मेहता, भूपेन खख्खर अशांची चित्रे मांडली. खख्खर व्यवसायाने हिशेबनीस होते. न्हावी, घड्याळजी अशी साधी माणसे रंगवणाऱ्या या चित्रकाराला गिऱ्हाईक मिळवून देणे सोपे नव्हते.

केकूंनी धंद्याबाहेरही पुष्कळ केले. सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व्हावे म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला यांच्याबरोबर त्यांनी पाठपुरावा केला. ते 1996 मध्ये उघडले. 1992-93 च्या दंगलींनंतर शहरात शांतता नांदावी म्हणून केकू मोहल्ला समित्यांच्या कामाला लागले.

केकूंच्या डोळ्यांदेखत चित्रांचे भाव कुठल्या कुठे गेले. 2002 मध्ये तय्यब मेहतांचे ‘सेलिब्रेशन’ लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेले. केकूंच्या मागे, 2025 मध्ये, हुसेनांच्या ‘ग्रामयात्रा’ला सुमारे 118 कोटी मिळाले. हुसेनांनी ते 1954 मध्ये रंगवले, तेव्हा त्यांची चित्रे चौकटींच्या दुकानातून विकली जात होती.

1988 मध्ये गॅलरी केकूंच्या कन्या शिरीन गांधी यांच्याकडे आली. चित्रकार अतुल डोडियांचे पहिले एकल प्रदर्शन 1989 मध्ये इथेच झाले आणि जितीश कल्लाट यांचे 1997 मध्ये. 2007 मध्ये गॅलरी फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडवरच्या प्रशस्त जागेत गेली. तिथे चौकट न लागणारी मांडणशिल्पे आणि व्हिडिओही मावतात. 2009 मध्ये केकूंना पद्मश्री मिळाली आणि नोव्हेंबर 2012 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.