चिलापीचं कालवण आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कोडं

थंडीतल्या रविवारी अकराच्या सुमारास भिगवणच्या हमरस्त्यावर उभं राहावं आणि जेवायला जागा शोधणाऱ्या गाड्या पाहाव्यात. पहाटे पुण्याहून निघालेली ही मंडळी कुंभारगाव, डिकसळला उजनी धरणाच्या काठावर नावेतून रोहित पक्षी पाहून परतलेली असतात. भूक कडकडून लागलेली, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्याच पाट्या: चुलीवरचं, गावरान, घरगुती, अस्सल भिगवण मच्छी. गाडी हळू होते, चार डोकी काचेला लागतात, कुणीतरी म्हणतं, "इथं रिकामं दिसतंय, पुढं बघू." पुढच्या हॉटेलासमोर सहा गाड्या उभ्या असतात. सातवी तिथंच वळते.

त्या सहा गाडीवाल्यांना काय माहीत होतं? सहाव्याला एवढंच, की तिथं पाच गाड्या आहेत. पाचव्याला, की चार आहेत. असं मागं मागं जात राहिलं की शेवटी हाती लागतो तो पहिला गडी. त्याला त्या ठिकाणी कदाचित झाडाची सावली तेवढी दिसली असेल.

हा प्रकार नुसता हसण्यावारी न्यावा असा नाही. 1992 साली अभिजित बॅनर्जी यांनी माणसांच्या कळपाने वागण्यावर एक निबंध लिहिला. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई मराठी. पुढे 2019 मध्ये त्यांना एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या गणिती निबंधाच्या सुरुवातीला उदाहरण आहे ते चक्क शेजारशेजारच्या दोन हॉटेलांचं.

समजा, 'अ' आणि 'ब' अशी दोन हॉटेलं आहेत. लोकांचा सर्वसाधारण समज असा की 'अ' चांगलं असण्याची शक्यता 51 टक्के, 'ब'ची 49. जेवायला निघालेत शंभर जण. प्रत्येकाच्या कानावर स्वतंत्रपणे काहीतरी आलंय, आणि प्रत्येकाची बातमी सारख्याच भरवशाची आहे. नव्याण्णव जणांनी ऐकलंय की 'ब' चांगलं. एकाने ऐकलंय की 'अ'. आता योगायोगाने हा एकटाच रांगेत पहिला असला तर? तो 'अ'मध्ये शिरतो. दुसऱ्याच्या कानावर 'ब'ची तारीफ आलेली असते. पण तो विचार करतो, पहिला 'अ'मध्ये गेला म्हणजे त्याने 'अ'बद्दल काही चांगलं ऐकलं असणार. त्याची बातमी आणि माझी बातमी एकमेकींना कापतात. मग उरतो तो जुना समज, 51 विरुद्ध 49. दुसराही 'अ'मध्ये.

खरी मौज तिसऱ्याची. दुसऱ्याने काय ऐकलं होतं हे तिसऱ्याला कळायला मार्गच नाही, कारण दुसरा काहीही ऐकून आला असता तरी 'अ'मध्येच गेला असता. म्हणजे तिसराही दुसऱ्याच्याच पेचात, आणि चौथाही, आणि शंभरावाही. नव्याण्णव जणांना खरं ठाऊक होतं, तरी शंभरच्या शंभर माणसं चुकीच्या हॉटेलात बसलेली. यात मूर्ख एकही नाही. प्रत्येकाने हिशेब बरोबर केला, आणि तरीही शहाण्यांच्या त्या रांगेला मिळून एका माणसाएवढंच ज्ञान होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी, 1991 मध्ये, गॅरी बेकर या दुसऱ्या नामवंत अर्थशास्त्रज्ञालाही हॉटेलाच्या रांगेनेच सतावलं होतं, आणि तेही मासळीच्या. कॅलिफोर्नियातल्या पॅलो अल्टो गावात मासळीचं एक लोकप्रिय हॉटेल होतं, बाहेर कायम ताटकळलेले लोक. समोरच्या बाजूला दुसरं. चव तशीच, दर किंचित जास्त आणि खुर्च्या रिकाम्या. बेकरचा प्रश्न असा, की रांग लागतेय तर पहिला मालक दर का वाढवत नाही? त्यांचं उत्तर असं, की माणसं जेवायला येतात तशी गर्दीलाही येतात. दर वाढवून रांग मोडली तर उरलेलेही समोर जातील.

मग गर्दी पाहून जेवायला बसूच नये का? बसावं की. पण गर्दी किती यापेक्षा ती कुणाची हे पाहावं. भिगवणच्या हमरस्त्यावर रविवारी दिसणारी बहुतेक गर्दी पुन्हा न येणाऱ्यांची असते. आज आलेला पुणेकर पुढल्या हिवाळ्यात आला तर आला. त्याला शिळं कालवण वाढलं तरी मालकाचं काय बिघडतं? आणि उत्तम वाढलं तरी त्याला काय मिळतं? जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर हेच लिहिलं: गिऱ्हाइकाला माल पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकून लावतो. तो निबंध छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. त्यातल्या काहींना तो फार क्षुल्लक वाटला. 2001 मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. पर्यटनाच्या गावातली हॉटेलं का फसवतात, हे त्या संपादकांनी अनुभवलं नसावं.

याच्या उलटं चित्र पाहायचं तर सणसरकडे यावं. बारामती–इंदापूर रस्त्यावरचं हे गाव, शेजारी भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि त्या रांगेतला ड्रायव्हर उद्या परत येणार असतो, परवाही. कामगाराची पाळी सुटली की तो त्याच गाड्यावर चहा-भजी खातो. तेल जुनं लागलं की तिसऱ्या दिवशी सगळी पाळी पलीकडच्या टपरीवर. या टपऱ्यांवर पाटी असलीच तर अर्धी पुसलेली असते. कुणाला वाचायचीच नसते. स्वस्त आणि चांगलं जेवण पिकतं ते अशा जागी, जिथं खाणारा उद्या तक्रार करायला येऊ शकतो.

यावर कुणी म्हणेल, मग वारीचं काय? संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि मुक्काम सणसरला पडतो. एका रात्रीपुरती एवढी माणसं येतात आणि सकाळी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघूनही जातात. सिद्धान्ताप्रमाणे फसवणुकीची याहून मोठी संधी नाही. प्रत्यक्षात घराघरांतून पिठलं-भाकरी निघते, पैसे न घेता. श्रद्धा आहेच, ती मी नाकारत नाही. पण आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ दिंड्यांची जेवणाची घरं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असतात. पालखी सोहळा 1685 मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी सुरू केला. तेव्हा इथं 'उद्या' म्हणजे पुढचा आषाढ, आणि तो चुकत नाही. वारकरी हा एका रात्रीचा पाहुणा नव्हेच.

आता पुन्हा भिगवणला, कारण खरा प्रश्न ताटातला आहे. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी इथवर पसरलं. त्या पाण्यात आज सगळ्यात माजलेला मासा म्हणजे चिलापी. ही जात मूळची आफ्रिकेतली. तिच्यातला एक प्रकार भारतात 1952 मध्ये आणला गेला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, आणि पिल्लं फुटल्यावरही धोका दिसला की ती आईच्या तोंडात शिरतात. असा बंदोबस्त असल्यावर ती वाढणार नाही तर काय? देशी माशांच्या दृष्टीने ही चांगली बातमी नाही, पण खिशाच्या दृष्टीने आहे: मुबलक, म्हणून स्वस्त, स्वस्त म्हणून झटपट खपणारी, झटपट खपते म्हणून ताजी. भिगवणला मेनूकार्डावर सुरमई आणि पापलेट वाचून जे हरखतात त्यांचं मला नवल वाटतं. समुद्र सह्याद्रीपलीकडे आहे. ते मासे बर्फातून इथवर आलेले असतात, आणि त्या प्रवासाचे पैसे तुम्ही भरता. चिलापी, रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ किंवा वाम, हे मागावं.

गोड्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येतो अशी तक्रार असते. तो वास बहुतेक वेळा जिओस्मिन नावाच्या रेणूचा. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू तो तयार करतात, आणि तो माशाच्या चरबीत मुरतो. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, त्यामुळे शेवाळाला खुराक भरपूर. पण याच रेणूची दुसरी ओळख आपल्याला लहानपणापासून आहे: वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर मातीला जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिनचाच. माणसाचं नाक तो लाख कोटी भागांत मोजके भाग असला तरी ओळखतं. ज्या वासाने आपण अंगणात धावत येतो तोच कालवणात आला की नाक मुरडतो! आंबट पदार्थात हा रेणू मोडतो. म्हणून लिंबू-हळद-मीठ चोळून ठेवलेला मासा आणि चिंचेच्या कोळाचं कालवण, हे शास्त्र काठावरच्या बायकांच्या हातात आधीपासून आहे. खानावळ पारखायची तर एकच प्रश्न पुरतो: "मासा आधी कशात मुरवता?" उत्तर लगेच आलं तर बसावं.

दरवाजातून दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी बोलक्या असतात. फळ्यावर खडूने लिहिलेलं आणि रोज बदलणारं बरं. ऐंशी पदार्थांचं चकचकीत कार्ड म्हणजे आत मोठा फ्रीज. दीड वाजता "चिलापी संपली" असं सांगणारा मालक खरा, कारण ते वाक्य त्याला महाग पडतं. पाटी रंगवायला मात्र सगळ्यांना सारखाच खर्च येतो, म्हणून 'चुलीवरचं' या शब्दाला काही किंमत उरलेली नाही. कच्चा मासा दाखवा म्हणावं: कल्ला लालभडक, डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलेलं मांस वर येणारं. ट्रक उभे दिसले म्हणजे जेवण झकास, हेही अर्धंच खरं; ट्रकला आधी जागा लागते. आणि खासगी बस थांबते तिथं तर जपूनच, कारण अशा ठिकाणी ड्रायव्हरचं जेवण बहुधा फुकट असतं. चाळीस माणसांची भूक एकाने ठरवलेली, आणि त्याला बिल येत नाही.

हमरस्ता सोडून आत शिरलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन किंवा मासळीच्या लिलावाकडे, की दर उतरतात. आपण म्हणतो, हमरस्त्यावर भाडं जास्त म्हणून थाळी महाग. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्येच धान्याबद्दल हे उलटं करून दाखवलं होतं: थाळी महाग विकता येते, म्हणून जागेचं भाडं वाढतं. जागामालक तुमची भूक आधीच मोजून बसलेला असतो.

फोनवरच्या ताऱ्यांनी हे सगळं सुटेल असं वाटलं होतं. 2017 मध्ये ऊबा बटलर या लंडनच्या पत्रकाराने आपल्या परसातली शेड हॉटेल म्हणून एका प्रवासी संकेतस्थळावर नोंदवली, ओळखीच्यांकडून कौतुक लिहून घेतलं आणि काही महिन्यांत ते अस्तित्वातच नसलेलं हॉटेल लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. तिथं कुणीही जेवलेलं नव्हतं. तारे देणारा आधीचे तारे पाहूनच तारे देत असेल, तर तो बॅनर्जींच्या रांगेतला दुसरा माणूस झाला. म्हणून भिगवणहून परतताना एवढं करा: कालवण कसं होतं, मातकट होतं की नाही, किती पैसे पडले, हे आधी स्वतः लिहा, आणि इतरांनी काय लिहिलंय ते नंतर वाचा.