विषबाधा : आधी उपचार, मग पोलीस केस

खरिपाची फवारणी सुरू झाली की विषबाधेचे रुग्ण वाढतात. काहींच्या अंगावर औषध उडालेले असते, काहींनी रागाच्या भरात ते घेतलेले असते. सोबतच्या नातेवाइकांची पहिली विनंती बहुधा एकच असते, "डॉक्टरसाहेब, पोलिसांना कळवू नका." या भीतीपोटी पुष्कळांचा मोलाचा वेळ घरीच जातो. म्हणून कायदा काय म्हणतो, ते पाहू.

पोलीस आल्याशिवाय डॉक्टर रुग्णाला हात लावत नाहीत, हा समज चुकीचा आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि जवळचे कोणी नसेल, तर संमतीसाठीही थांबावे लागत नाही.

पोलिसांना कळवणे म्हणजे रुग्णावर गुन्हा दाखल करणे नव्हे. ती एक नोंद असते. विष चुकून गेले, स्वतः घेतले की दुसऱ्याने घातले, याचा तपास पोलिसांनी करायचा. फवारताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला सरकारी मदत मागताना हीच नोंद उपयोगी पडते.

आत्महत्येच्या प्रयत्नाला पूर्वी शिक्षा होती. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

"केस पेपरवर जुलाब-उलट्या लिहा," असा आग्रह काही जण धरतात. तसे मी लिहू शकत नाही. खोटी नोंद बेकायदेशीर तर आहेच, शिवाय रुग्णाला पुढे मोठ्या रुग्णालयात हलवले, तर तिथले उपचारच चुकतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र डॉक्टर काही सांगणार नाही. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणे हाही आमचा धर्मच आहे.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. १०८ ला फोन करा. अंगावर औषध सांडले असेल तर हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. औषधाची बाटली बरोबर आणा आणि केव्हा, किती पोटात गेले ते खरे सांगा.

रुग्ण बरा झाल्यावर त्याला बोल लावू नका, त्याचे ऐकून घ्या. मन मोकळे करण्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.