जुनी मोटारसायकल : विकणारा का विकतो, केव्हा विकतो?



बैल घ्यायला बाजारात गेलात म्हणजे तुम्ही काय करता? जबडा उघडून दात पाहता, चार पावले चालवून पाहता आणि मग धन्याला हळूच विचारता, "का हो भाऊ, इतका चांगला बैल विकता कशापायी?" त्या उत्तरावर निम्मा सौदा ठरतो. बैल मारका आहे, कामाला बसतो, की धन्याला खरोखरच पैशाची नड आहे, हे त्यातून समजते. जुनी मोटारसायकल घेताना मात्र हा प्रश्न आपण विसरतो. टाकीची चकाकी पाहतो, ॲव्हरेज किती देते ते विचारतो आणि पैसे मोजून मोकळे होतो. विकतानाही तसेच. गाडी गेली, पैसे आले, विषय संपला असे आपण समजतो. पण तो विषय तिथे संपत नाही. म्हणून आज या विषयाची थोडी उकल करू.

पहूर हे रस्त्यांचे गाव. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा हमरस्ता इथूनच जातो, जामनेरहून शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे जाणारा रस्ताही इथेच मिळतो. पाचोरा-जामनेर ही आपली छोटी पी. जे. गाडी २०२० साली थांबली. तेव्हापासून तर दूध घालणे, फवारणीचा पंप नेणे, रात्री-अपरात्री दवाखाना गाठणे ही सारी कामे दुचाकीवर येऊन पडली. अशी गाडी विकायची म्हणजे घरातला एक कामाचा गडी कमी करण्यासारखे आहे. ते विचारानेच झाले पाहिजे.

गाडी बाजारात का येते?

१) नड. दवाखाना, लग्न, शाळा-कॉलेजची फी, बी-बियाणे. ही गाडी बहुधा चांगली असते, कारण दोष गाडीत नसून घरच्या परिस्थितीत असतो.

२) नवीन घ्यायची म्हणून. दसरा, दिवाळी, पाडवा आणि आपली आखाजी या मुहूर्तांवर नवी गाडी घरी येते आणि जुनी बाहेर निघते. अशीही गाडी घ्यायला बरी. मात्र ती शोरूममध्ये बदली गेली असेल तर मूळ मालकाची गाठ पडत नाही, हे ध्यानात ठेवावे.

३) गाडी नुसती उभी आहे म्हणून. मुलगा पुण्याला किंवा सुरतेला कामाला गेला, घरी चालवणारा कोणी नाही. टायर-बॅटरी बदलावी लागते, पण इंजिन कमी चाललेले असते. सर्वांत फायद्याचा सौदा हाच.

४) काम वाढले म्हणून. दुधाच्या कॅन, चाऱ्याचे भारे, खताच्या गोण्या ओढून शंभर सी. सी.ची गाडी थकते आणि मालक मोठी गाडी किंवा तीनचाकी पाहतो. अशा गाडीचा मागचा शॉकप, चाकाचे स्पोक, क्लच प्लेट आणि चासीचे जोड नीट तपासावेत. खत आणि औषधाच्या ओलीने कॅरिअरखालचा पत्रा गंजलेला असतो.

५) खर्च निघाला म्हणून. धूर येऊ लागला, पिस्टन-रिंगांचे काम निघाले, की रंग-पॉलिश करून गाडी विकायला काढतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. यावर उपाय सोपा आहे. सकाळी लवकर, न सांगता जावे आणि थंड इंजिनवर पहिली किक आपण स्वतः मारावी. निळसर-पांढरा धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जळते असे समजावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन मालकाचे गुपित सांगत नाही.

६) पासिंग संपत आली म्हणून. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती नवी करावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १००० रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून चौदा वर्षांच्या गाड्या स्वस्तात निघतात. स्वस्त का, हे ओळखून घेतली तर वाईट नाही. न ओळखता घेतली तर तो खर्च तुमच्या माथी.

७) कागद साफ नाहीत म्हणून. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेली, अपघातातली किंवा चोरीची गाडी. भाव फारच कमी असेल तर आधी शंका घ्यावी, आनंद नंतर मानावा.

केव्हा विकावी, केव्हा घ्यावी?

आपल्याकडे पैशाचा हंगाम ठरलेला आहे. आखाजीला सालदार ठरतो, त्याला उचल द्यावी लागते. पाठोपाठ जून येतो. कपाशीचे बियाणे, खत आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकाच महिन्यात उभा राहतो. त्या वेळी विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी गत होते. कापूस वेचून दिवाळीच्या पुढेमागे हाती पैसा आला की उलटे होते. घेणारे वाढतात आणि भाव चढतो.

आता एक हिशेब पाहा. समजा, तुमच्या गाडीची रास्त किंमत ४०,००० रुपये आहे. जूनमध्ये नडीपोटी ती ३२,००० रुपयांना गेली. कापसाचे पैसे आल्यावर तशीच गाडी घ्यायला गेलात तर ४२,००० रुपये पडले. घाटा झाला १०,००० रुपये, आणि मधले पाच महिने दुसऱ्याच्या गाडीवर काढले ते वेगळेच. तेच ३२,००० रुपये महिन्याला शेकडा दोन अशा जबर व्याजाने घेतले असते तरी पाच महिन्यांचे व्याज ३,२०० रुपये होते. सावकाराकडे जा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला तीन लाख रुपयांपर्यंत व्याजात सवलत मिळते. तेव्हा मे महिन्यातच सोसायटीत किंवा बँकेत जाऊन कर्जाचे काम उरकावे. सांगायचे इतकेच, की पेरणीसाठी गाडी विकणे हा पैसा उभा करण्याचा महागडा मार्ग आहे.

विकायचीच असेल तर आठ महिने आधी ठरवावे आणि कापसाच्या पैशाच्या दिवसांत, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात विकावी. घेणाऱ्याने मात्र वैशाख-ज्येष्ठात घ्यावी, हातात रोकड असेल तर. डिसेंबर उलटला की गाडी एका वर्षाने जुनी धरतात, तेव्हा विकणाऱ्याने तो महिना ओलांडू देऊ नये. आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी. सी.पर्यंतच्या नव्या दुचाकीवरचा जी. एस. टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी उतरली की जुनीचाही भाव उतरतो. त्याआधीचे भाव मनात धरून सौदा करू नका.

गाडी काढून टाकण्याची वेळ कशी ओळखावी? ढोबळ हिशेब असा. पेट्रोल सोडून वर्षभराचा दुरुस्तीचा खर्च एका वहीत लिहा. तो गाडीच्या आजच्या किमतीच्या पाव हिश्शाच्या वर दोन वर्षे गेला, तर विकण्याचा विचार करावा. नुसता शेजाऱ्याने नवी घेतली म्हणून विकू नये.

नाव बदलले नाही तर गाडी तुमचीच

आता मुख्य गोष्ट. जमिनीचा सौदा झाला, पैसे मिळाले, ताबा दिला, पण फेरफार झाला नाही, तर सातबाऱ्यावर नाव कोणाचे राहते? तुमचेच. आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करून गाडी हवाली करायची आणि "नाव नंतर करून घेतो" या शब्दावर विश्वास ठेवायचा, ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. तो फॉर्म एजंटाच्या पेटीत पडून राहतो. गाडी तीन हातांतून फिरते आणि बुकात नाव तुमचेच राहते.

याचा परिणाम काय होतो, ते एका खटल्यावरून समजेल. एका गृहस्थाने आपली चारचाकी २००७ साली विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे गेली, पण नोंदीत नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या गाडीखाली सापडून एक लहान मूल दगावले. गाडीचा विमा नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला, की नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून दोन वर्षे झाली होती, तरी सुटका झाली नाही. चारचाकीला जो कायदा तोच दुचाकीला. उद्या तुमच्या नावाची, विमा संपलेली गाडी कोणी अनोळखी माणूस अजिंठा घाटात घेऊन गेला आणि अपघात झाला, तर नोटीस तुमच्या दाराशी येईल. भरपाईची रक्कम लाखांत असते. आठ-दहा हजार जास्त मिळवले या आनंदावर एक एकर जमीन जाऊ शकते, बरं का.

काय करावे?

विकणाऱ्याने :
– मोटार वाहन कायद्याप्रमाणे विक्रीची खबर १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला द्यावी. त्यासाठी नमुना २९ असतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता व तारीख आधी लिहून घ्यावी.
– ताबा पावती करावी. तिच्यात तारखेबरोबर वेळही लिहावी. सकाळी अकराला गाडी दिली आणि दुपारी चारला अपघात झाला तर ती वेळच कामी येते. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.
– फायनान्सचे कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. सातबाऱ्यासारखेच आहे. बँकेचा दाखला व नमुना ३५ देऊन तो उतरवून घ्यावा.
– शक्य तर नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम बाकी ठेवू द्यावी.

घेणाऱ्याने :
– ३० दिवसांच्या आत नमुना ३० भरून गाडी आपल्या नावावर करावी. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यास कळवावे. विमा संपला असेल तर गाडी रस्त्यावर आणण्याआधी काढावा.
– आरसीवरचा चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. खोडलेला, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर सौदा तिथेच सोडावा.
– परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की पासिंगची मुदत, विमा, बोजा व थकलेले ई-चलन दिसते. घरातल्या शिकलेल्या पोराला हे पाहायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे.
– आपली जळगावची पासिंग एमएच १९. आपल्या बाजूला एमएच २० आणि बुलढाण्याकडची एमएच २८ गाडीही विकायला येते. बऱ्हाणपूरकडची एमपी ६८ असेल तर ती दुसऱ्या राज्यातली. तिथले ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.
– १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवण्याचा नियम आहे. ती नसेल तर कार्यालयातली कामे अडतात. ती बसवली आहे का, तेही पाहावे.

वडिलांच्या नावाची गाडी : वडील वारले आणि गाडी मुलगा चालवतो, असे प्रत्येक गावात आहे. कायद्याप्रमाणे ही खबर ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे गाडी करावी लागते. हे न करता ती विकली तर घेणाऱ्याचे नाव लागतच नाही. म्हणून अशी गाडी विकायची असेल तर आधी वारसनोंद आणि मग विक्री.

शेतकरी बंधूंनो, सारांश इतकाच. घेताना विचारा, "का विकता?" विकताना स्वतःला विचारा, "आत्ताच का?" आणि सौदा झाला की बुकातले नाव बदलेपर्यंत तो पुरा झाला असे समजू नका. जळगावच्या परिवहन कार्यालयाची एक खेप वाचवायला जाऊ नका. ही पत्रिका वाचून झाली की फेकू नका. घडी करून गाडीच्या कागदांत ठेवा. ज्या दिवशी कोणी "टीटीवर सही करून ठेवा, बाकी मी पाहतो" असे म्हणेल, त्या दिवशी ती बाहेर काढून पुन्हा एकदा वाचा.