बाकूच्या वाटेवरचे भारतीय

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात अझरबैजानने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली आणि भारतीय पर्यटकांनी त्या देशाकडे पाठ फिरवली. प्रवासी कंपन्यांनी नोंदणी थांबवली, ठरलेल्या सहली रद्द झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी दोन लाखांहून अधिक भारतीय तेथे जाऊन आले होते. हा संताप समजण्याजोगा आहे. आपला पैसा कोठे खर्च करावा, हे ठरवण्याचा अधिकार नागरिकाला आहेच. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दोन लाखांनी तेथे काय पाहिले, आणि जाणे थांबवून आपण काय गमावले?

राजधानी बाकूच्या बाहेर सुराखानी येथे ‘आतेशगाह’ हे अग्निमंदिर आहे. पंचकोनी आवार, कडेने यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांसाठी कोठड्या, मध्ये चार खांबांची वेदी. जमिनीतून झिरपणाऱ्या वायूवर तेथे ज्योत तेवत असे. वायूच्या उपशामुळे ती गेल्या शतकात विझली. आज ती नळाने आणलेल्या वायूवर जळते. मुलतान, पंजाब, सिंध येथून कास्पियन समुद्रापर्यंत पोहोचलेल्या व्यापाऱ्यांचा हा ठेवा सतराव्या-अठराव्या शतकांतला आहे. येथील शिलालेख बहुतांशी देवनागरी आणि गुरुमुखी लिपीत आहेत, फारसी लेख एकच. मी मेट्रो आणि बस बदलत एकटाच तेथे गेलो होतो. गणेशवंदनेने सुरू होणाऱ्या लेखाची अक्षरे मराठी वाचकाला दुभाष्याविना लावता येतात. सहलीच्या वेळापत्रकात मात्र त्यासाठी अर्ध्या तासापलीकडे सवड नसते.

स्वतंत्र प्रवासाचे मोल या फरकात आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉर्ज फॉर्स्टर १७८२ मध्ये कलकत्त्याहून निघाला आणि वेष बदलून काश्मीर, अफगाणिस्तान, इराण या खुष्कीच्या मार्गाने १७८४ मध्ये बाकूला पोहोचला. तेथील हिंदू व्यापारी आणि अग्निपूजक त्याला भेटले; त्यांच्याविषयी त्याने लिहून ठेवले. पुढे कंपनीने याच फॉर्स्टरला नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी वकील म्हणून पाठवले. १७९१ मध्ये नागपुरातच त्याचे निधन झाले. अपरिचित प्रदेश पायाखाली घातलेल्या माणसाची राज्यसत्तेला किती गरज असते, हे कंपनीने ओळखले होते. आपण हे व्यापारी पाठवणारे. तरी त्यांची हकिकत आपल्याला एका इंग्रजाकडून वाचावी लागते.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर कॉकेशस आणि मध्य आशियातील देशांशी आपले संबंध तेल, शस्त्रास्त्रे आणि वाहतूक मार्ग यांभोवती फिरत राहिले. तेथील भाषा जाणणारे, इतिहास अभ्यासणारे भारतीय मोजकेच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने कंबोडियातील ता प्रोम, व्हिएतनाममधील मी सन, लाओसमधील वाट फू येथे जीर्णोद्धाराचे मोलाचे काम केले आहे. पूर्वेकडे दाखवलेली ही आस्था वायव्येच्या व्यापारी वाटांच्या वाट्यालाही यायला हवी. शिलालेखांचे ठसे, वाचन आणि सटीप प्रकाशन यांसाठीचा करार मोठ्या खर्चाचा नाही, आणि राजकीय मतभेद असतानाही तो करता येतो.

त्याच्या जोडीला विद्यापीठांतून तरुण अभ्यासकांना अशा देशांत काही महिने राहण्यासाठी प्रवासवृत्ती द्याव्यात. व्हिसा सवलतींच्या वाटाघाटींत अल्पकालीन पर्यटकाबरोबर दीर्घकाळ राहणाऱ्या अभ्यासकाचाही विचार व्हावा. संकटकाळी वकिलातीची मदत मिळते. निघण्यापूर्वी स्थानिक कायदे, भाषा आणि सीमावर्ती निर्बंध यांची भारतीय भाषांतील माहितीही तितकीच आवश्यक आहे.

ज्या देशाशी मैत्री आहे तेथे फिरून येणे सोपे असते. ज्याच्याशी मतभेद आहेत, त्याची माहिती असणे अधिक निकडीचे. बहिष्कार हे दबावाचे साधन असू शकते. पण त्यातून अनभिज्ञता वाढली, तर पुढच्या वाटाघाटीत आपलीच बाजू लंगडी पडेल.