मृत्युपत्राने मिळालेल्या घराची विक्री

मृत व्यक्तीचे शेवटचे मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाने दिलेली ग्वाही म्हणजे प्रोबेट. ते मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. एक्झिक्युटर नेमलेला नसेल, तर प्रशासनपत्र घ्यावे लागते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम २१३ मुळे मुंबईतील घरांसाठी प्रोबेट दीर्घकाळ सक्तीचे होते. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले. तरीही वाद असेल किंवा खरेदीदाराच्या वकिलाला शंका असेल, तर प्रोबेटइतका भक्कम कागद दुसरा नाही.

अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची यादी आणि साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र लागते. वारसांना नोटीस जाते. त्यांनी संमतीची प्रतिज्ञापत्रे दिली तर काम सुरळीत होते. एकाने जरी कॅव्हेट दाखल करून विरोध केला, तरी अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि वर्षे जातात. म्हणून भावंडांशी आधीच मोकळेपणाने बोललेले बरे.

प्रोबेटनंतर सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढवून विक्री करता येते. नॉमिनी म्हणून नाव असले, तरी तेवढ्याने मालकी मिळत नाही. हा गैरसमज फार घरांत भांडणे लावतो.

भांडवली नफा मोजताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल विसार घेण्याआधीच करून घ्यावा.