चुना, जाळ आणि साल्साची वाटी

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात दिवस मावळला की रस्त्याच्या कडेला जनरेटर घरघरू लागतात. एखाद्या मोकळ्या जागेत ट्रेलर येऊन उभा राहतो, त्याची खिडकी उघडते आणि तव्यावर चरचरणाऱ्या मांसाचा वास चौकापर्यंत पोचतो. बाजूला उभ्या सळईवर डुकराच्या मांसाचे लालभडक थर रचलेले असतात. आचारी सुरीने त्याचा भाजलेला भाग वरून खाली तासत राहतो. समोर रांग असते ती कामावरून परतणाऱ्या मजुरांची, विद्यार्थ्यांची, मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांची. तळहाताएवढी मक्याची टॉर्टिया, तिच्यावर मांस, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. अस्सल टाको तो हाच.

या रांगेत एखादा नवखा पाहुणा हमखास घुटमळतो. जवळून गाड्या जात आहेत, धूळ आहे, धूर आहे. पोट तर बिघडणार नाही ना? प्रश्न रास्त आहे, पण त्याची नजर बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. टाकोतले काही पदार्थ चुन्याच्या पाण्यात शिजलेले असतात, काही जाळावर भाजलेले, तर काही अगदी कच्चे. या तिन्हींचे विज्ञान वेगळे आणि धोकाही वेगळा. तो समजला की ट्रेलरकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आइस्क्रीमच्या गाडीतून टाको

लॉस एंजेलिसमधल्या टाकोच्या गाड्यांचा इतिहास फार जुना नाही. १९७४ मध्ये राउल मार्तिनेझ यांनी आइस्क्रीमच्या जुन्या गाडीत फेरफार करून पूर्व लॉस एंजेलिसमध्ये टाको विकायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच ‘किंग टाको’ ही उपाहारगृहांची साखळी उभी राहिली. अशा गाडीला तिथले लोक ‘लोंचेरा’ म्हणतात.

उभ्या सळईवरचे ते मांस म्हणजे ‘अल पास्तोर’. त्याचा उगम शोधत गेले तर वाट लेबनॉनला जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथून मेक्सिकोत आलेल्या स्थलांतरितांनी शावरमा भाजण्याची रीत सोबत आणली. मेक्सिकोत मेंढीच्या जागी डुकराचे मांस आले, मसाल्यात सुक्या मिरच्या आणि आचिओते नावाच्या झाडाच्या लाल बिया आल्या, शेवटी अननसाची फोडही आली. म्हणजे आज ‘अस्सल’ ठरलेला पदार्थही एकेकाळी नवाच होता. टॉर्टिया मात्र खरोखर प्राचीन आहे.

चुन्याची करामत

मक्याच्या पिठाची भाकरी थापणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की हे पीठ सहजासहजी एकजीव होत नाही. गरम पाणी घालून कितीही मळले तरी भाकरीच्या कडा चिरतात. मग टॉर्टिया इतकी पातळ असूनही घडी घालताना तुटत कशी नाही?

उत्तर चुन्यात आहे. मक्याचे दाणे पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, घालून शिजवतात आणि त्याच पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात. पानाला लावतात तोच हा चुना, फक्त इथे तो खाण्याच्या दर्जाचा आणि मोजून घेतलेला असतो. मक्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का पुरतो. त्याने दाण्याचे टणक साल सुटते. सकाळी दाणे धुऊन वाटले की लवचीक गोळा तयार होतो, त्याला ‘मासा’ म्हणतात. या प्रक्रियेचे नाव निश्तामालीकरण. मध्य अमेरिकेच्या भागात ती किमान तीन हजार वर्षे चालत आली आहे.

चुना केवळ पीठ मळण्याची सोय करत नाही. मक्यातले नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, इतर घटकांशी असे बांधलेले असते की आपल्या आतड्यांना ते सहज मिळत नाही. चुन्याचे अल्कधर्मी पाणी ते मोकळे करते. शिवाय टॉर्टियात कॅल्शिअम वाढते आणि बुरशीमुळे दाण्यात आलेली काही विषेही कमी होतात.

ही कृती किती मोलाची होती, हे ती नसलेल्या ठिकाणी कळले. कोलंबसानंतर मका युरोपात गेला. धान्य गेले, चुना मागे राहिला. अठराव्या शतकात स्पेन आणि इटलीतल्या मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत एक भयंकर आजार दिसू लागला. आधी त्वचा खरखरीत होऊन काळवंडायची, मग जुलाब, मग बुद्धिभ्रंश आणि शेवटी मृत्यू. इटालियनमधल्या ‘खरखरीत त्वचा’ या अर्थाच्या शब्दांवरून त्याला ‘पेलाग्रा’ म्हटले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत या आजाराने थैमान घातले. तो संसर्गजन्य असल्याचा समज तेव्हा रूढ होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या संशोधनात त्याचे मूळ निकृष्ट आहारात असल्याचे दाखवले. १९३७ मध्ये कॉनराड एल्वेह्यम यांनी नेमके कमी पडणारे द्रव्य ओळखले, ते होते नायसिन.

हा आजार दख्खनलाही नवा नाही. ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब कुटुंबांत तो आढळत असे. हैदराबादमध्ये संशोधन करणारे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी त्याचा संबंध असल्याचे मांडले. ताटात एकच धान्य आणि सोबत डाळ-दूध-भाजी नाही, अशा गरिबीत त्या धान्याची उणीव थेट शरीरावर उमटते, हाच धडा दोन्हीकडे मिळतो.

ट्रेलरवर रोज मका शिजवून वाटणे क्वचितच जमते. बहुतेक जण तयार मासा किंवा त्याचे सुके पीठ आणतात. तेही चुन्याच्या पाण्यातून गेलेलेच असते, त्यामुळे गुण टिकतो. मासाचा गोळा दाबून समोरच टॉर्टिया भाजली जात असेल, तर ताटातला सर्वांत निर्धोक पदार्थ बहुधा तोच.

जाळ आणि मधले तापमान

मांसाचा हिशेब तापमानाचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नमुना नियमांनुसार थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि गरम पदार्थ ५७ अंश किंवा त्यावर ठेवायचे असतात. या दोहोंमधला पट्टा जिवाणूंच्या वाढीचा. कोंबडीचे मांस आतून ७४ अंशांपर्यंत तापले पाहिजे.

पातळ कापलेले मांस रखरखत्या तव्यावर काही मिनिटांत आरपार शिजते, म्हणून ‘कार्ने आसादा’सारखा पदार्थ तुलनेने सुरक्षित. सळईवरच्या मांसाचे गणित थोडे नाजूक आहे. त्याचा बाहेरचा थर भाजला जातो, आतला कच्चा असतो. जाळ सतत चालू असेल आणि भाजलेलाच भाग तासला जात असेल, तर काळजी नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून जाळ बंद केला आणि मांसाचा तो शंकू कोमट होत राहिला, तर मात्र धोका वाढतो. तासलेले मांस पुन्हा तव्यावर परतून देणारा आचारी म्हणूनच शहाणा.

मोठ्या पातेल्यातल्या रस्सेदार मांसाला आणि घेवड्याच्या उसळीला वेगळा धोका असतो. ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. पातेले हळूहळू निवू लागले की ते जागे होतात आणि अनुकूल उबेत दर दहा-बारा मिनिटांनी त्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. असा पदार्थ वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असे नाही. वाफाळता आहे की कोमट, एवढीच काय ती खूण.

साल्साची वाटी

खरी सावधगिरी हवी ती कच्च्या पदार्थांबाबत. टोमॅटो, कांदा, मिरची आणि कोथिंबीर यांच्या ताज्या साल्साला जाळ लागलेलाच नसतो. मेक्सिकोतले ग्वादालाहारा आणि अमेरिकेतले ह्यूस्टन या दोन शहरांतल्या लोकप्रिय मेक्सिकन उपाहारगृहांमधील टेबलावरच्या साल्सा आणि तत्सम चटण्यांची तपासणी करणारा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्वादालाहाराच्या सुमारे दोन तृतीयांश नमुन्यांत आणि ह्यूस्टनच्या ४० टक्के नमुन्यांत ई. कोलाय जिवाणू सापडले. त्यातला प्रत्येक जिवाणू आजार देतो असे नाही, पण अस्वच्छ हात किंवा पाणी तिथवर पोचल्याची ती खूण आहे. हे नमुने रस्त्यावरचे नव्हते, उपाहारगृहांतले होते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

धोका कधी गाडीवर पोचण्याआधीच शिरतो. २००८ मध्ये अमेरिकेत साल्मोनेलाची मोठी साथ आली आणि ४३ राज्यांत मिळून १,४०० हून अधिक जण आजारी पडल्याचे नोंदले गेले. आधी संशय टोमॅटोवर गेला. पुढे तपास हालापेन्यो आणि सेरानो या ताज्या मिरच्यांपर्यंत आणि मेक्सिकोतल्या शेताच्या पाण्यापर्यंत पोचला.

लिंबू पिळले की जंतू मरतात आणि तिखटाने पोट साफ राहते, हे दोन समज तिथेही आहेत आणि इथेही. टाकोवर पिळतात ते लहान ‘मेक्सिकन’ लिंबू म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपले कागदी लिंबूच. मूळचे आशियातले हे फळ स्पॅनिश लोकांनी तिकडे नेले. मिरचीने उलटा प्रवास केला आणि ती पोर्तुगीजांमार्फत गोव्याच्या किनाऱ्याला लागली. लिंबाचा आम्ल रस जिवाणूंची वाढ रोखतो हे खरे, पण खाताना पिळलेल्या चार थेंबांना त्यासाठी पुरेसा वेळच मिळत नाही. उष्ण प्रदेशातले जेवण संसर्ग टाळण्यासाठी तिखट झाले, ही कल्पनाही आकर्षक आहे. मात्र जगभरच्या हजारो पाककृतींची छाननी करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिला फारसा आधार मिळाला नाही.

मऊ ताज्या चीजबाबत गर्भवतींनी विशेष जपावे. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या दूषित चीजमुळे लिस्टेरियाची साथ आली. काउंटीत १४२ रुग्ण नोंदले गेले आणि गर्भातली व नवजात बाळे धरून ४८ जीव गेले. चीज पाश्चरीकरण केलेल्या दुधाचे आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

पाणी, हात आणि परवाना

ट्रेलरमध्ये नळजोडणी नसते, पाणी टाकीतले. म्हणून तिथल्या नियमांत हात धुण्यासाठी भांड्यांहून वेगळे बेसिन लागते. सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी असावी लागते, नाहीतर घाण पाणी उलटून वर येण्याचा धोका. हा सगळा खर्च छोट्या विक्रेत्याला झेपत नाही आणि मग तो परवान्याविना धंदा करतो. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये पदपथावरची विक्री फौजदारी गुन्ह्यातून वगळली. २०२२ च्या कायद्याने लहान हातगाड्यांसाठी स्वच्छतेचे नियम सुटसुटीत केले. विक्रेता लपूनछपून धंदा करत असेल तर त्याच्याकडे तपासनीस पोचत नाही आणि मार्गदर्शनही पोचत नाही, म्हणून हा बदल आरोग्याच्याही सोयीचा.

गाडीवरचे खाणे उपाहारगृहापेक्षा घाणेरडे असते का? ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’ या संस्थेने २०१४ मध्ये सात मोठ्या अमेरिकी शहरांतले २ लाख ६० हजारांहून अधिक तपासणी अहवाल पाहिले. प्रत्येक शहरात गाड्यांची कामगिरी उपाहारगृहांइतकी किंवा त्याहून सरस निघाली. ही संस्था विक्रेत्यांच्या बाजूने न्यायालयात लढते, हे लक्षात ठेवूनच निष्कर्ष वाचावा. तरीही ‘गाडी म्हणजे घाण’ हे समीकरण टिकत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

रांगेत उभे असताना

रांग हलती असेल तर माल साचून राहत नाही, ही पहिली चांगली खूण. पैसे घेणारा आणि टाको भरणारा हात वेगळा आहे का, ते पाहावे. साल्सा बर्फावर किंवा थंड कप्प्यात आहे की दिवसभर उघड्या वाटीत, तेही पाहावे. शंका आली तर शिजवलेली किंवा भाजलेल्या मिरच्यांची साल्सा मागावी, ती गरम किंवा नीट गार ठेवलेली असेल तर उत्तम. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या शाकाहारी पालकांनी आणखी एक विचारावे. घेवड्याची उसळ अनेकदा डुकराच्या चरबीत परततात आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवतात. ‘सिन मांतेका’, म्हणजे चरबीविना, हे दोन शब्द उपयोगी पडतात. निवडुंगाच्या पानांचा ‘नोपालेस’ टाको त्यांना आवडून जाईल.

एवढे करूनही पोट बिघडलेच, तर क्षारसंजीवनीचे पाणी लगेच सुरू करावे. शौचातून रक्त, तीव्र ताप, थांबत नाही अशी उलटी किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर डॉक्टर गाठावा. लहान मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी वाट पाहत बसू नये.

घुटमळणाऱ्या त्या पाहुण्याने म्हणून रस्त्याच्या धुळीकडे कमी आणि खिडकीच्या आत अधिक पाहावे. टॉर्टिया समोर फुगते आहे, मांस तव्यावरून थेट ताटात येते आहे, आचाऱ्याने मघाशीच हात धुतले आहेत आणि साल्साची वाटी गार आहे. मग लिंबू पिळावे आणि टाको गरम असतानाच खावा.